कुमारांचे पुस्तक आणि आगाऊ दवंडी

कुमारांसाठी नवी कादंबरी येणार असली की हल्ली पुस्तकाच्या आधी पुस्तकाची बातमी येते. मुखपृष्ठ दाखवले जाते, एखादे प्रकरण अंकात छापून येते, सवलतीच्या किमतीत नावनोंदणी सुरू होते आणि लेखक स्वतः शाळाशाळांतून 'माझे पुस्तक येत आहे' असे मुलांना सांगत फिरतो. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. लेखकाने लिहावे आणि गप्प बसावे, हे त्यांचे आवडते मत. ज्यांची पुस्तके न सांगताच घरोघर पोचत होती त्यांना हे मत परवडत होते. आपल्याला ते कधीच परवडले नाही.

दवंडीशी आपला संबंध जुना आहे. गावात दवंडी द्यायची, सरकारी माणसाची वर्दी पोचवायची, कोणी मेले तर सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी जायचे, ही महाराच्या वाट्याची कामे. साऱ्या गावाची बातमी ज्याने वाहिली त्याच्या स्वतःच्या बातमीला मात्र गावात जागा नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन तरी छापा, अशी विनंती 'केसरी'ला केली गेली. 'केसरी'ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हा प्रकाशनापूर्वीची प्रसिद्धी म्हणजे निव्वळ बाजारूपणा, असे म्हणणाऱ्याने आधी या नकाराचा हिशेब द्यावा.

माझा प्रश्न वेगळा आहे. लेखकाने दवंडी द्यावी की नाही हा तो प्रश्न नाही. ती पहिल्यांदा कोणाच्या ओट्यासमोर दिली जाते, हा आहे. पुस्तक छापण्याआधी जो श्रोता समोर बसलेला असतो तो नकळत पुस्तकात उतरतो, आणि जो बसलेला नसतो त्याची अनुपस्थितीही उतरते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. कोकणातल्या पालगडहून आलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत, पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक चालवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ साली आले. पाच दिवसांत पुस्तक झाले याचे आपल्याकडे मोठे कौतुक आहे. मला ते कौतुक अपुरे वाटते. लिहिण्याचे दिवस पाच असतील, पण मुलांना सांगता सांगता घडलेला सूर कित्येक वर्षांचा होता. पुस्तकाची रचनाही तेच सांगते. प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, 'रात्री' म्हटले आहे. बेचाळीस रात्री श्याम बोलतो आणि भोवती बसलेले ऐकतात. छापखान्याच्या आधी श्रोता होता, आणि लेखकाने त्याला पुस्तकातून हलवले नाही. कुमारांच्या पुस्तकाची याहून प्रामाणिक पूर्वप्रसिद्धी मराठीत झाली असेल असे मला वाटत नाही.

आता याच पुस्तकातली 'देवाला सारी प्रिय' ही रात्र पाहा. एका महार म्हातारीची मोळी रस्त्यात पडली आहे. ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही, कारण शिवाशिव होईल. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे; आणि घरी आल्यावर आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात ही आई किती पुढे होती, हे मला शिकवण्याची गरज नाही. ते मान्य करूनच मी विचारतो: हे वाक्य ऐकणारा कोण आहे? ज्याच्या घरी विटाळानंतरची आंघोळ ही रोजची, न खटकणारी गोष्ट आहे, असा मुलगा. त्याला त्यात करुणा दिसते आणि आंघोळ दिसत नाही. पण त्याच म्हातारीचा नातू मांडी घालून पुढच्या रांगेत बसला असता तर? त्याला आधी आंघोळच ऐकू आली असती. माझ्या आजीच्या मोळीने तुम्हांला काय लागले, जे पाण्याने गेले, असे त्याने विचारले असते. गुरुजींसारखा हळवा माणूस त्या प्रश्नानंतर ती रात्र जशीच्या तशी ठेवू शकला नसता, अशी माझी खात्री आहे. ही खात्री भाबडेपणाची नाही. याच माणसाने विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राण पणाला लावले. माणूस पुस्तकाच्या पुढे गेला. पुस्तक मात्र होते तिथेच राहिले, आणि शाळांतून बक्षीस म्हणून वाटले जात आहे ते पुस्तक.

आणखी एक योगायोग. 'श्यामची आई' आले त्याच १९३५ साली १३ ऑक्टोबरला, खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत आपला विचार पोचवायला आपल्याकडे जलसे होते. नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांचे फड गावकुसाबाहेर उभे राहून तो गात होते. ज्या वयाला आपण 'कुमार' म्हणतो त्या वयाची आपली मुले मांडवाच्या खांबाला टेकून तो ऐकत होती. त्यांचे कुमारवाङ्मय हेच. ते पुस्तकात आले नाही म्हणून वाङ्मयाच्या इतिहासकारांना दिसत नाही, एवढेच.

पुढच्या काळात प्रसिद्धीचे रूप बदलले. १९७४ साली 'ग्रंथाली'ने वाचकांकडून आधी पैसे घेऊन स्वस्तात पुस्तके देण्याची चळवळ सुरू केली आणि १९७८ साली तिच्यामार्फतच दया पवारांचे 'बलुतं' आले. तिचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण आगाऊ नाव नोंदवू शकणारा वाचक पगारदार होता. वस्तीतल्या पोराच्या हाती 'बलुतं' आले ते बहुधा फिरत फिरत, कव्हर निघालेले. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी 'लेखकाचा लेखकराव' कसा होतो यावर सपासप लिहिले. त्यांची 'हिंदू' २०१० साली आली तेव्हा तिची वाट पाहणे हाच वर्षानुवर्षे वाङ्मयीन सोहळा होऊन बसला होता. त्याबद्दल मला तक्रार नाही. उलट त्यांची 'कोसला' १९६३ साली आली, त्याच वर्षी बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले. दोन्हींवर 'कुमारांसाठी' असा शिक्का नव्हता, आणि दोन्ही पुस्तकांना सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनीच उराशी धरले. खानदेशातून पुण्याला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराचे तुटलेपण त्यांना आपले वाटले. पण खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागणाऱ्याची भीती ज्याने अनुभवली होती, त्याला बागुलच जवळचे.

आज मात्र शिक्का आधी लागतो. 'वयोगट बारा ते सोळा' असे जाहीर होते, आणि या वयोगटात कोण येतो हे कोणी विचारत नाही. धुळ्यातून १९९८ साली वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या आश्रमशाळेतला भिल्ल किंवा पावरा मुलगा त्यात आहे काय? शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. तरीही घरी पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला आजही पुस्तकाची बातमी पुस्तकी मराठीत मिळते; मिळाली तर. समाजकल्याणच्या वसतिगृहात प्रकाशनपूर्व वाचन झाले, अशी बातमी निदान माझ्या वाचनात आलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन्ही मांडवांत साने गुरुजींचे नाव आदराने घेतले जाणे स्वाभाविक होते. अशा वेळी आपल्या बाजूचे कार्यकर्ते प्रस्थापितांच्या प्रसिद्धीवर टीका करतात, ती योग्यच असते. पण आपल्या लेखकांनी कुमारांसाठी किती लिहिले? आत्मकथनांत आपले बालपण आले, ते मोठ्यांना सांगितलेले. मुलाला समोर बसवून सांगितलेले फार थोडे. हा दोष 'केसरी'च्या माथी मारता येणार नाही.

म्हणून खानदेशातल्या ज्या लेखकाची कुमार कादंबरी आज हस्तलिखितात आहे त्याला, तो कोणत्याही जातीचा असो, माझी एकच व्यवहारी सूचना आहे. मुखपृष्ठ दाखवत फिरण्याआधी एक प्रकरण घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या मागासवर्गीय वसतिगृहात संध्याकाळी जा. जेवणाच्या घंटेआधी तासभर मिळतो. वाचून दाखवा आणि मुले कुठे खाली मान घालतात, कुठे एकमेकांकडे पाहून हसतात, तिथे समासात खूण करा. पुस्तक विकत घ्या असे त्यांना सांगू नका, त्यांच्याकडे पैसे नसतात. खुणा केलेली पाने घेऊन घरी परत या आणि छापखान्याला महिनाभर थांबायला सांगा.