आगमनाचा प्रश्न : इटलीची नगरे आणि आगगाडी

इटलीच्या ऐतिहासिक नगरांतील प्रवासाविषयी जे साहित्य निर्माण झाले, त्यात आगगाडीविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप जॉन रस्किन याने नोंदविला आहे. १८४६ साली समुद्राच्या उथळ पाण्यावर रेल्वेचा पूल झाला आणि व्हेनिस मुख्यभूमीला जोडले गेले. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ (१८५१-५३) या ग्रंथाचा पहिला खंड या पुलाच्या देखाव्यापाशीच संपतो : कमानींच्या रांगेपलीकडे विटांच्या बुटक्या इमारती आणि एका चर्चच्या घंटाघरातून निघणारा काळा धूर. दुसऱ्या खंडाचा आरंभ जुन्या, संथ प्रवासाच्या स्मरणाने होतो. अंतर श्रमाने जिंकावे लागे, म्हणूनच नगर प्रथम दृष्टीस पडण्याचा क्षण मोलाचा होता, अशी रस्किनची भूमिका आहे.

हा आक्षेप केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूस सारता येणार नाही. बोलोन्या आणि फ्लॉरेन्स यांमध्ये अॅपेनाइन्स पर्वत उभा आहे. १८६४ मध्ये पूर्ण झालेला पहिला लोहमार्ग वळणे घेत हा पर्वत चढून जात असे. १९३४ च्या मार्गाने साडेअठरा किलोमीटरांच्या बोगद्यातून तो भेदला. २००९ मध्ये सुरू झालेल्या जलदगती मार्गाचा तर नव्वद टक्क्यांहून अधिक भाग भूमिगत आहे. सुटीत आलेला प्रवासी आज पाऊण तासाच्या आत एका नगरातून दुसऱ्यात पोहोचतो. बोलोन्या तांबड्या विटांचे आणि फ्लॉरेन्स दगडाचे, एवढे त्याला दिसते. परंतु पहिले मातीच्या मैदानावर वसले आणि दुसरे डोंगरांच्या कुशीत, हे कारण बोगद्यातच राहून जाते. दोन नगरांमधील भेद कळतो. संबंध कळत नाही.

तथापि, या हानीचा सारा दोष वेगावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. याला प्रमाण खुद्द घोडागाडीच्या युगातच सापडते. १७८६ साली कवी गटे पादुआहून नावेने, ब्रेन्टा नदीच्या मार्गाने व्हेनिसला पोहोचला. ते आगमन त्याने मनःपूर्वक वर्णिले आहे. पुढे त्याच प्रवासात रोमच्या ओढीने त्याने फ्लॉरेन्स अवघ्या तीन तासांत उरकले. असिसीला तर तो पायी चढून गेला. पण संत फ्रान्सिसची बासिलिका मागे टाकून तो मिनर्व्हाच्या प्राचीन मंदिराकडे वळला. गती पावलांची होती, आणि तरीही मध्ययुगीन इटली त्याच्या दृष्टीआड राहिली. दृष्टी आधीच ठरलेली असेल, तर संथपणाही तिला उघडू शकत नाही.

उलट, आगगाडीनेही स्वतःचे एक आगमन निर्माण केले आहे. व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरताच प्रवासी थेट ग्रँड कॅनॉलच्या काठी येतो. मध्ये उपनगर नाही, रस्ता नाही. मात्र ज्या चर्चचे नाव या स्थानकाने धारण केले आहे, ते चर्च स्थानकाच्या जागेसाठीच एकोणिसाव्या शतकात पाडले गेले. नव्या आगमनाचे मोल नगराने असे मोजले आहे. रस्किनला या पायऱ्यांवरील विस्मय मान्य झाला नसता. आजच्या प्रवाशाला बहुधा त्या चर्चची आठवण नसते. समीक्षकाने दोन्ही ध्यानात ठेवली पाहिजेत.

यावरून प्रवासवर्णनाच्या परीक्षणाचा एक निकष हाती येतो. पूर्वी वाट स्वतःच नगरांना जोडीत असे. लेखकाला तिच्या मागोमाग जाणे पुरत असे. आगगाडीने ते कार्य वाटेकडून काढून घेतले आणि लेखकावर सोपविले. व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम आठवड्यात पाहणाऱ्याचे लेखन त्यामुळे अपरिहार्यपणे उथळ ठरत नाही. ते उथळ ठरते ते अंधारातून गेलेला पर्वत त्याच्या वाक्यांतूनही नाहीसा होतो तेव्हा. किती नगरे पाहिली हा प्रश्न गौण आहे. दोन नगरांच्या मध्ये काय होते, याचे उत्तर ज्या लेखनात मिळते, तेच प्रवासाचे साहित्य. उरलेली केवळ स्थानकांची यादी होय.