उरेल तो खुनी

अगाथा ख्रिस्तीबाईंच्या ‘डेथ कम्स अ‍ॅज दि एंड’ (१९४४) या प्राचीन इजिप्तवरील रहस्यकादंबरीबद्दल वाचकांची तक्रार अशी की, घरातली माणसे पटापट मरतात आणि उरेल तो खुनी! तक्रार रास्त आहे. परंतु दोष इतिहासाच्या माथी मारणे मला पटत नाही. लक्सरसमोरच्या थडग्यात सापडलेली हेकानख्त या पुरोहिताची खरी पत्रे बाईंपुढे होती. धान्याची मोजदाद, मुलांना दटावणी, घरात आणलेल्या नव्या बाईचा सासुरवास! आपल्या एकत्र कुटुंबांना हे काय परके? पण ते घर उभे राहते न राहते तोच बाई प्रेते मोजू लागतात. शेवट तर त्यांनी ग्लॅनव्हिल या इजिप्ततज्ज्ञ स्नेह्याच्या हट्टाखातर बदलला, आणि पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल हळहळल्या. पहिला शेवट वाचकांपर्यंत आलाच नाही.