मूक चेलोचा सूर

नोव्हेंबर लागला की आमच्या टेबलावर चिठ्ठ्या साचू लागतात. कोणाला आईसाठी मिस्सा हवी असते, कोणाला अपघातात गेलेल्या मुलासाठी. काही चिठ्ठ्यांवर नुसतीच नावे असतात, आणि ती माणसे कशी होती हे सांगणारे घरात आता कोणी उरलेले नसते. मृतांच्या या महिन्यात, एका रविवारी संध्याकाळी, अमळनेरच्या आमच्या लहानशा समाजातील पाच-सहा कुटुंबे आमच्या खोलीत जमली आणि आम्ही सर्वांनी मिळून सुमारे अर्ध्या तासाची एक रशियन संगीतरचना ध्वनिमुद्रिकेवर ऐकली. बोरीकाठी रशियन संगीताची बैठक म्हटल्यावर काहींना हसू येईल. परंतु ज्या गावात १९१६ साली केवळ तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी मंदिर उभे राहिले आणि ज्याच्या शाळेत साने गुरुजींनी मुलांना शिकवले, त्या गावाला परक्या सुराचे वावडे असण्याचे कारण नाही.

रचना होती आंतोन आरेन्स्की (१८६१-१९०६) याचा डी मायनरमधील ट्रायो. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तीन वाद्यांसाठी ती १८९४ साली लिहिली गेली. अशा संगीताला युरोपात 'चेंबर म्युझिक' म्हणतात. आपल्याकडे त्याला आधीपासूनच चांगला शब्द आहे : बैठक. वाजवणारे मोजके, ऐकणारे मोजके, आणि कोणी चुकले तर लपायला जागा नाही. चेलो ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तो व्हायोलिनच्याच घराण्यातला, परंतु एवढा मोठा की खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून, गजाने वाजवावा लागतो. त्याचा आवाज पुरुषाच्या कंठाच्या अगदी जवळचा आहे. सारंगी ऐकलेल्या कानाला तो परका वाटत नाही.

हा ट्रायो आरेन्स्कीने कार्ल दाविदोव या चेलोवादकाच्या स्मृतीला वाहिला आहे. दाविदोव १८३८ साली जन्मला आणि १८८९ साली गेला. तरुणपणी त्याने गणिताचा अभ्यास केला, मग संगीतरचना शिकण्यासाठी तो लाइपझिगला गेला, आणि तेथे चेलोवादक म्हणूनच त्याचे नाव झाले. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयात तो प्राध्यापक झाला आणि १८७६ ते १८८७ पर्यंत त्याचा संचालक होता. चायकोव्स्कीसारखा माणूस त्याला चेलोवादकांचा सम्राट मानी. आरेन्स्की याच महाविद्यालयात शिकत होता तेव्हा संचालकाच्या खुर्चीवर दाविदोव होता. शिवाय आरेन्स्कीच्या घरीही चेलो होता. वडील पेशाने डॉक्टर, पण हौसेने चेलो वाजवत, आणि आई पियानो वाजवी. या वाद्याचा आवाज त्याने पहिल्यांदा घरात ऐकला असणार, महाविद्यालयात नव्हे.

स्मृतीसाठी ट्रायो लिहिण्याची रीत रशियात नुकतीच पडली होती. निकोलाय रुबिनस्टाइन १८८१ साली वारल्यावर चायकोव्स्कीने एक मोठा ट्रायो लिहिला. चायकोव्स्की १८९३ साली गेला तेव्हा आरेन्स्कीचाच शिष्य राखमानिनोव याने त्याच्यासाठी दुसरा लिहिला. या दोहोंच्या तुलनेत आरेन्स्कीचा ट्रायो लहान आहे, हलका आहे, आणि म्हणूनच पंडितांनी त्याला दुय्यम ठरवले. त्याचे गुरू रिम्स्की-कोर्साकोव यांनी तर आपल्या आठवणींत शिष्य लवकरच विस्मरणात जाईल असे लिहून ठेवले. गुरूंचे भाकीत बऱ्याच अंशी खरे झाले. पण हा ट्रायो उरला, जगभर वाजतो आहे, आणि तो का उरला हाच या लेखाचा विषय आहे.

पहिला भाग व्हायोलिनने सुरू होतो. खाली पियानोची लाट हलत असते आणि वर एक लांब, दुःखी, थोडीशी गोड चाल. थोडीशी जास्तच गोड, असे आम्हाला पहिल्यांदा वाटले होते. पण ही चाल लवकरच चेलोकडे जाते. तो सूर लागताच आमच्या बैठकीतील एका वृद्ध गृहस्थांनी मान वर केली आणि आपल्या अहिराणीत विचारले, "फादर, हाऊ कोन बोली ऱ्हायना?" संगीताची समीक्षा म्हणून लिहिलेली अनेक पाने आम्ही वाचली आहेत, एवढी नेमकी ओळ त्यांत सापडली नव्हती. आरेन्स्कीने नेमके हेच साधले आहे. चेलो येथे दाविदोवविषयी काही सांगत नाही. तो स्वतः बोलतो. ज्याच्यासाठी हे लिहिले तो वाजवायला नाही, आणि तरी त्याच्या जागेवर कोणीतरी बसलेला आहे.

दुसरा भाग 'स्केर्त्सो', म्हणजे थट्टेचा. पियानोच्या पट्ट्यांवरून बोटे घसरगुंडी खेळतात, तारा चिमटीने तोडल्यासारख्या वाजतात, आणि मध्येच चेलो एक वॉल्ट्झ नृत्याची चाल घेऊन डोलू लागतो. स्मृतिरचनेत हे शोभते का, असा प्रश्न एका भगिनींनी विचारला. तो रास्त होता. आम्ही त्यांना उलट विचारले की, तुमच्या घरी आजोबा वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी अंगणात बसलेली माणसे कशाबद्दल बोलत होती? त्या हसल्या. आजोबांनी लग्नात कोणाची चप्पल घालून नेली, याच गोष्टी चालल्या होत्या म्हणे. मेलेल्या माणसाला सतत गंभीर चेहऱ्याने आठवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. हा भाग वगळला असता तर दाविदोवचा पुतळा उरला असता, माणूस नव्हे.

तिसरा भाग 'एलेजी', विलापगीत. येथे चेलोच्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात. त्याने तारांचा कंप दबतो आणि आवाज दाराआडून यावा तसा येतो. असा अर्धा मुका केलेला चेलो हा भाग सुरू करतो, आणि मागाहून व्हायोलिनही तसेच दबक्या आवाजात त्याच्याजवळ येते. मधल्या जागी पियानो एक उजळ चाल वाजवतो. जुन्या घरातल्या दुपारी आठवाव्यात तशी ती आहे. पुन्हा अंधार होतो. येथे कोठे आक्रोश नाही, छाती पिटणे नाही. काही वादक हा भाग फार रेंगाळून, प्रत्येक सुरावर अश्रू ठेवून वाजवतात, ते आम्हाला रुचत नाही. ज्याच्या तोंडावर हात ठेवला आहे त्याने ओरडू नये; त्याच्या गप्प राहण्यातच सर्व काही आहे.

या ठिकाणी आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, गायकवृंदात चाळीस वर्षे व्हायोलिन वाजवलेले एक गृहस्थ वारले. महिन्यानंतर आम्ही स्मृतिसभा ठेवली. फोटोला हार घातला. चार जणांची भाषणे झाली. सर्वांत लांब भाषण आमचे होते आणि त्यात सेमिनरीत शिकलेल्या लॅटिन वचनांची आम्ही रेलचेल केली. त्यांचे व्हायोलिन टेबलावर फुलांमध्ये ठेवले होते, पेटी बंद. ती उघडून दोन ओळी वाजवाव्यात असे आमच्यासह कोणाच्याही मनात आले नाही. वाजवणारे शिष्य त्या सभेत होते. सभा संपल्यावर त्यांच्या पत्नीने पेटी उचलली, पदराने फुलांच्या पाकळ्या पुसल्या आणि ती काखेत घेऊन त्या निघून गेल्या. हा ट्रायो ऐकताना ती पेटी दर वेळी आमच्या डोळ्यांसमोर येते.

शेवटचा भाग आम्हाला तितकासा पटत नाही. पियानो गडगडतो, नाट्य बरेच होते, आणि रचनाकाराला आता टाळ्या हव्या आहेत अशी शंका येते. परंतु वादळ मध्येच थांबते. विलापगीतातील ती उजळ चाल परत येते, आणि तिच्यामागून अगदी सुरुवातीची चाल, संथ झालेली, थकलेली. त्यानंतर घाईने, जवळजवळ रागाने, रचना संपते. पुनरुत्थानाच्या आशेवर जगणाऱ्या आम्हा लोकांना हा शेवट कोरडा वाटेल. आम्हाला तो प्रामाणिक वाटतो. आरेन्स्कीने येथे स्वर्गाचे दार उघडून दाखवण्याचा आव आणलेला नाही.

ते त्याला जमत नव्हते असे मात्र नाही. त्याच वर्षी त्याने चायकोव्स्कीच्या स्मृतीसाठी एक चौकडी लिहिली आणि तीत दोन व्हायोलिनांऐवजी एकच ठेवून दोन चेलो घेतले. तीत रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेतील चाली आहेत. शिवाय चायकोव्स्कीच्या एका बालगीतावर रूपभेद आहेत. बाळ येशूच्या बागेतील गुलाब इतर मुले तोडून नेतात आणि त्याच्यासाठी काट्यांचा मुकुट उरतो, अशी त्या गीताची कथा. धर्मगुरू म्हणून आम्ही चौकडीला झुकते माप द्यावे अशी वाचकांची अपेक्षा असेल. ती सुंदर आहेच. पण तीत शोक प्रार्थनेच्या आधाराने उभा आहे. ट्रायोत तो केवळ एका वाद्याच्या आधाराने उभा आहे, आणि हे अधिक अवघड काम आहे.

दाविदोवचा स्वतःचा चेलो अजून वाजतो. क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने १७१२ साली घडवलेले हे वाद्य विसाव्या शतकात जॅकलिन द्यू प्रे हिच्याकडे आले. १९७३ मध्ये आजाराने तिचे वादन थांबले, १९८७ मध्ये ती गेली, आणि ते वाद्य यो-यो मा यांच्या हाती आले. लाकडाला आजही त्या जुन्या धन्याचेच नाव आहे.

आपल्याकडे मात्र उलटा हिशेब झाला. गोव्यातील चर्चच्या शाळांत सुरांची लिपी शिकलेली कितीतरी माणसे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन आणि चेलो घेऊन बसली. त्यांचे सूर घराघरांत पोहोचले, नावे पडद्यावर आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे नाव तेवढे सर्वांच्या तोंडी आहे, तेही १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गाण्यात गोवले. शिष्याची कृतज्ञता खरी होती. पण आपल्या लग्नांतून त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की, हा माणूस खरोखर होता, व्हायोलिन शिकवत होता, आणि १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात त्याने भारतीय रागांवर आधारलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले होते? नाव राहिले, काम झाकले गेले. त्याच वाद्यवृंदांत मागे बसलेल्या चेलोवादकांचे तर नावही राहिले नाही.

ट्रायो लिहिला गेला त्याच वर्षी मॉस्कोत युलियस ब्लॉक या गृहस्थाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळ्यांवर, त्याचे काही तुकडे मुद्रित केले. पियानोवर स्वतः आरेन्स्की होता, व्हायोलिनवर ह्रिमाली, चेलोवर ब्रांदुकोव. २००८ साली ते मुद्रण प्रसिद्ध झाले. बैठकीच्या शेवटी आम्ही विलापगीताचा तो तुकडाही ऐकवला. खरखर एवढी की, शेतात पाऊस पडावा. तिच्या मागे चेलो ऐकू येतो, लांबून. अहिराणीत प्रश्न विचारणारे ते वृद्ध गृहस्थ पुढे सरकून कान देऊन बसले होते. तुकडा संपल्यावर ते म्हणाले, पुन्हा लावा.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्याच वेळी चौकडी ऐकू. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने व्हायोलिन किंवा पेटी असेल त्यांनी ती बरोबर आणावी. तारा तुटल्या असतील तर मुंबईहून मागवू.