न दिसलेल्या तबकडीची साक्ष

परग्रहवासीयांनी माणसं उचलून नेली, या गोष्टीला पुरावा असा कधी नसतोच. असते ती सांगणाऱ्याची जबानी. अमेरिकेत या कहाण्यांचा साचा ज्या घटनेने घडवला, ती १९६१ सालची बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याची हकिकतसुद्धा बोलण्यावरच उभी आहे. न्यू हॅम्पशरमधून रात्री मोटारीने घरी येताना काही वेळ आपल्या आठवणीतून गळून पडलाय, असं त्यांना वाटत होतं. पुढे १९६४ मध्ये बॉस्टनच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने त्यांना संमोहित करून बोलतं केलं आणि ते बोलणं टेपवर उतरवलं. हाती लागले ते एवढेच: फितीवरचे दोन घाबरलेले आवाज.

सिनेमावाल्यांना मात्र नुसत्या आवाजावर भरवसा ठेवायला जड जातं. ‘फायर इन द स्काय’ (१९९३) हा अ‍ॅरिझोनातल्या ट्रॅव्हिस वॉल्टन या जंगलकामगाराच्या हकिकतीवरचा चित्रपट आज लोकांना आठवतो तो यानातल्या किळसवाण्या प्रसंगापुरता. त्याआधी वॉल्टनच्या सोबत्यांवर खुनाचा संशय येतो आणि त्यांचं खरं बोलणं गावात कुणालाच पटत नाही, हा त्यातला खरा चांगला भाग. तो कुणाच्या लक्षात नसतो. अँड्र्यू पॅटर्सनचा ‘द व्हास्ट ऑफ नाइट’ (२०१९) नेमका तिथून सुरू होतो. पळवून नेणारे कसे दिसतात याची त्याला फारशी फिकीर नाही. सांगणाऱ्याचं ऐकतं कोण, याची आहे.

काळ १९५० च्या दशकाचा. गाव कायूगा, न्यू मेक्सिको. नकाशात शोधू नये. ‘ट्वायलाइट झोन’वाल्या रॉड सर्लिंगच्या निर्मितीसंस्थेचं नाव कायूगा होतं, तिथून ते उचललंय. शाळेच्या संघाचा बास्केटबॉलचा पहिला सामना आहे आणि झाडून सगळं गाव तिकडे लोटलंय. रात्रपाळीवर दोघंच. फे क्रॉकर ही सोळा वर्षांची मुलगी टेलिफोनच्या स्विचबोर्डवर, आणि एव्हरेट स्लोन हा तरुण निवेदक गावच्या रेडिओ केंद्रात. केंद्राचं नाव डब्ल्यूओटीडब्ल्यू. ऑर्सन वेल्सने १९३८ मध्ये ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ रेडिओवर केलं होतं, त्याची आद्याक्षरं. आणि एव्हरेट स्लोन हे नाव वेल्सच्याच मंडळीतल्या नटाच्या नावावर बेतलेलं. असल्या खुणा चित्रपटात बऱ्याच पेरल्या आहेत. त्या नाही कळल्या तरी काही बिघडत नाही.

बजेट होतं सुमारे सात लाख डॉलर, तेही दिग्दर्शकाच्या खिशातले. पॅटर्सन ओक्लाहोमा सिटीचा. तिथल्या ‘थंडर’ या बास्केटबॉल संघासाठी आणि इतरांसाठी जाहिराती करून त्याने पैसे साठवले आणि टेक्सासमधल्या व्हिटनी या छोट्या गावात चित्रण केलं. लेखक म्हणून त्याने खोटं नाव लावलं, संकलक म्हणून आणखी एक खोटं. महोत्सवांकडून नकारांची रांग लागली. अखेर जानेवारी २०१९ मध्ये स्लॅमडान्सने घेतला आणि प्रेक्षकांनी पुरस्कार दिला. सात लाखांत हॉलिवूडमध्ये तबकडी उडत नाही. पण इथे ती फार उडवायचीच नव्हती. चणचण झाकण्यासाठी काढलेल्या पळवाटा एरवी लगेच ओळखू येतात. इथे तसं होत नाही, कारण गोष्टीची गरज आणि खिशाची ऐपत एकाच जागी येऊन थांबली आहे.

सुरुवातीची वीसेक मिनिटं मात्र परीक्षा पाहणारी आहेत. माणसं भराभर, एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. कॅमेरा बराच वेळ मागे मागे, चेहरे अंधारात. फेने नवा टेपरेकॉर्डर घेतलाय आणि एव्हरेट तिला तो चालवायला शिकवतोय. समोरच्याला बोलतं कसं करायचं, हेही शिकवतोय. पार्किंगमधल्या लोकांना थांबवून ती मुलाखती घेते, काहीतरी खुळचट विचारते, तो तिला चिडवतो. पहिल्यांदा पाहताना वाटतं, मुद्द्यावर या की! दुसऱ्यांदा पाहताना कळतं की पुढच्या तासाभरात हे दोघं जे करणार आहेत त्याची ही शिकवणी होती. परक्या माणसापुढे माइक धरायचा आणि त्याला बोलू द्यायचं.

दोघं चालत असतानाच फे एव्हरेटला मासिकांत वाचलेलं भविष्य सांगते. आपोआप धावणाऱ्या मोटारींचे विजेचे रस्ते येतील, नळ्यांतून आगगाड्या सुटतील, प्रत्येकाला जन्मतःच एक टेलिफोन नंबर मिळेल आणि खिशातल्या चिमुकल्या टेलिफोनवर समोरचा माणूस दिसेल. नंबर लावूनही उत्तर आलं नाही, तर समजायचं की माणूस गेला. एव्हरेटला रस्ते पटतात, आगगाड्या पटतात. चिमुकला टेलिफोन म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. प्रेक्षक हसतो, हसावंच अशी ती जागा आहे. पण हसता हसता एक गोष्ट निसटते: पुढे कायूगातली माणसं नाहीशी होणार आहेत आणि कुठलाच नंबर त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. पटकथेने ही तजवीज विनोदाच्या आडून केली आहे.

आता चित्रपटाचा गाभा. फे स्विचबोर्डसमोर बसते. जवळपास नऊ-दहा मिनिटं एकच शॉट; कॅमेरा इतक्या सावकाश पुढे सरकतो की सरकतोय हे उशिरा लक्षात येतं. ती वायरी काढते, खोचते, एव्हरेटचा कार्यक्रम ऐकते. मध्येच त्या प्रक्षेपणात एक घरघर शिरते. तीच घरघर मग टेलिफोनच्या लाइनवर येते. कुणा बाईचा घाबराघुबरा फोन येतो आणि तुटतो. फे इकडे विचारते, तिकडे विचारते. काही लाइन्सवर नुसती शांतता. दिसायला या दृश्यात काही म्हणजे काही नाही. एक मुलगी, एक फळी, काही वायरी. पण फे झालेल्या सिएरा मॅकॉर्मिकचं काम पाहा. ती भीतीचा अभिनय जवळजवळ करतच नाही. ती कामात चोख आहे आणि तो चोखपणा टिकवायची धडपड करते. ‘नंबर प्लीज’चा सराईत सूर आणि आतून चढत जाणारी शंका एकाच गळ्यातून येतात. गावातल्या सगळ्यांचं बोलणं हिच्या हातांखालून जातं, त्यामुळे गाव कुठे कुठे तुटत चाललंय हे पहिल्यांदा हिलाच कळतं. ऑपरेटरकडे ट्रंक कॉल लावून ताटकळलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्या खुर्चीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

यानंतर कॅमेरा एकदम सुटतो. एक्स्चेंजमधून बाहेर, जमिनीलगत, रिकाम्या रस्त्यांवरून, गवतातून, थेट चालू सामन्यात. खेळाडूंमधून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून, खिडकीतून बाहेर आणि रेडिओ केंद्राशी. बऱ्याच जणांनी या शॉटची वाखाणणी कसब म्हणून केली. तो अनेक तुकडे बेमालूम जोडून केलाय, आणि कसब आहेच. मला त्यातली मांडणी जास्त मोलाची वाटते. जागी असलेली दोन टोकं आणि त्यांच्यामध्ये ओरडणारं, टाळ्या पिटणारं, काहीही न ऐकणारं गाव. शिवाय एक प्रश्न राहतोच: इतक्या खालून, इतक्या वेगाने हे पाहतंय कोण?

एव्हरेट तो आवाज रेडिओवर वाजवतो. ओळखणाऱ्याला बक्षीस काय, तर एल्व्हिस प्रेस्लीच्या गालिच्याचा तुकडा. फोन करतो बिली. तो सैन्यात होता. वाळवंटात कुठेतरी नेऊन त्याच्यासारख्यांकडून काहीतरी अवाढव्य झाकायचं काम करून घेतलं, तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि हाच आवाज त्याने तेव्हा ऐकला होता. बोलता बोलता तो सांगतो की आपण काळे आहोत, आणि त्या कामावरची माणसंही सगळी काळी किंवा मेक्सिकन होती. त्यांचं म्हणणं कुणी खरं मानणार नाही, म्हणूनच त्यांना निवडलं होतं. या फोनच्या दरम्यान पडदा काळा होतो, आणि बराच वेळ काळाच राहतो. नुसता ब्रूस डेव्हिस या नटाचा थकलेला, खोकला आवरत बोलणारा आवाज. पडदा विझवणं ही स्वस्त युक्ती ठरली असती, जर इथे दाखवण्यासारखं काही असतं. बिलीकडे तर त्याच्या शब्दापलीकडे काहीच नाही, आणि तो शब्द कुणी कधी विचारला नाही. चित्रपटाचं नाव शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधल्या ज्या जागेवरून येतं, तिथे प्रॉस्परो गुलाम कॅलिबनला रात्रीच्या भुताखेतांची धमकी देत असतो, हे आठवलं की बिलीचा प्रसंग आणखी गडद होतो. आकाशवाणीच्या श्रुतिका आणि टेकाडे भावजी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला काळ्या पडद्याचं नवल वाटू नये. तरीही चित्रपटगृहात तो अंगावर येतो.

मग मेबल ब्लँच ही म्हातारी. गेल क्रोनॉवरने ती खुर्चीत बसून, जवळजवळ न हलता उभी केली आहे. तिचा मुलगा हॉलिस आभाळातल्यांनी नेला, असं ती सांगते. त्यांच्या भाषेतले शब्द म्हणून दाखवते. माणसांच्या डोक्यात विचार तेच पेरतात, लढायादेखील त्यांच्यामुळे होतात, असंही तिचं म्हणणं. एकटीने मूल वाढवलेल्या बाईच्या अशा बोलण्याला गावाने काय किंमत दिली असेल, हे पटकथा सांगत बसत नाही. क्रोनॉवरच्या सुरात तक्रार नाही आणि वेडसरपणाही नाही. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य शेवटी कुणीतरी लिहून घेतंय, एवढंच समाधान. ती दोघांना विनवते, मला त्यांच्याकडे घेऊन चला. एव्हरेट नकार देतो. बिलीचं निमूट ऐकणारा हा मुलगा मेबलपाशी कमी पडतो, हे मला लेखनाचं मोठं धैर्य वाटतं. ऐकण्याचीही कुवत संपते.

तक्रारी आहेत. सगळी गोष्ट ‘पॅरॅडॉक्स थिएटर’ नावाच्या जुन्या टीव्ही मालिकेचा भाग म्हणून सांगितली आहे आणि अधूनमधून दृश्य निळसर, मुंग्या आलेल्या टीव्हीच्या काचेत जातं. एकदा ठीक होतं. पुन्हा पुन्हा झाल्यावर दिग्दर्शक खांद्यावर टिचकी मारतोय असं वाटतं. आणि शेवटी यान दिसतं. ढगांआडचं, पुरेसं धूसर, सात लाखांच्या मानाने देखणं. पण ज्याने दीड तास आपल्याला ऐकायला लावलं, त्याने ते दाखवलं नसतं तर मी जास्त खूश झालो असतो. पॅटर्सनच्या डोक्यात ओक्लाहोमातल्या फॉस तलावाची घटना होती. १९७० मध्ये तीन किशोरवयीन मुलं मोटारीसकट नाहीशी झाली. २०१३ मध्ये पोलिसांच्या सोनार सरावात तलावाच्या तळाशी दोन जुन्या गाड्या आणि सांगाडे मिळाले. खऱ्या आयुष्यात उत्तर पाण्यात होतं आणि ते यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. चित्रपट प्रेक्षकाला उत्तर लगेच देऊन टाकतो, गावाला मात्र देत नाही. ही विभागणी मला अर्धीच पटते.

मे २०२० मध्ये करोनाने चित्रपटगृहं बंद असताना अ‍ॅमेझॉनने हा चित्रपट ऑनलाइन येण्याआधी अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इनमध्ये लावला. तिथे हल्ली आवाज गाडीतल्या एफएम रेडिओवरून येतो. म्हणजे अंधारात गाड्या लावून बसलेल्या लोकांनी कायूगाचं केंद्र आपापल्या रेडिओवर ऐकलं. इतकी नेमकी सोय ठरवूनही झाली नसती. घरी पाहणाऱ्यांनी निदान हेडफोन लावावेत, आणि बिलीचा फोन आल्यावर पडदा बिघडलाय असं समजून रिमोटकडे हात नेऊ नये.