पांढरीची संमती : ब्रह्मपुरीच्या उत्खननाच्या निमित्ताने

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये केले. ह. धी. सांकलिया व मोरेश्वर दीक्षित यांचा त्यावरील अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वसाहत आणि तिच्यावरील थरांतील बहामनी काळची वस्ती यांचा उलगडा त्यात ज्या शिस्तीने केला आहे, तीबद्दल या अहवालाची योग्यता निर्विवाद आहे. तथापि ब्रह्मपुरीचे नाव ज्या वस्तूंमुळे देशोदेशी गेले त्या मात्र या शिस्तीच्या बाहेरच्या आहेत. पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती, गजारूढांचा कांस्य हत्ती आणि त्यांच्यासमवेत मिळालेली भांडी हा साठा शास्त्रशुद्ध उत्खननापूर्वी हाती आला. राजाराम कॉलेजातील कन्नडचे प्राध्यापक कुंदणगार यांच्या नावाने तो ओळखला जातो. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये 'ललित कला' नियतकालिकात त्याचा स्वतंत्र विचार केला. पण थराचा आधार दुबळा असला की अभ्यासकाला मूर्तीच्या शैलीकडे वळावे लागते, आणि शैलीची साक्ष निसरडी असते.

वस्तू जमिनीपासून सुटली की तिचे सर्वच मोल जाते, असे मात्र नव्हे. याच परिसरात सापडणाऱ्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्याचा ठसा उमटलेला दिसतो, आणि त्यावरून विळिवायकुर व सिवलकुर यांचा क्रम लावता आला. परंतु नाणे कोणत्या घरात, कोणत्या खापरांसोबत पडले होते, हे त्यावरचा ठसा सांगत नाही.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित करण्याचे कारण धातुशोधक यंत्र होय. यंत्राला धातू कळतो, थर कळत नाही. त्याचा नाद ऐकून उकरलेला हातभर खड्डा म्हणजे ब्रह्मपुरीच्या साठ्याचीच लहान आवृत्ती. म्हणून यंत्र हाती घेण्यापूर्वी स्थळाचा अभ्यास झाला पाहिजे, आणि तो अभ्यास व जमीनमालकाची संमती या दोन वेगळ्या पायऱ्या मानण्याची रीत मला चुकीची वाटते.

स्थळाभ्यासाची कागदी साधने कोल्हापूरकरास दुर्लभ नाहीत. १८८६ चा कोल्हापूर गॅझेटियर आहे, कुंदणगारांनीच १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला शिलालेखसंग्रह आहे, आणि मिराशींनी १९७७ मध्ये संपादिलेले शिलाहारांचे लेख आहेत. दान दिलेल्या शेताचे निवर्तनातील माप अशा लेखांतून मिळते. पण लेखातील शेत आजच्या कोणत्या गटात बसते, हे बांधावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. आपल्या भाषेने या कामी मोठीच सोय करून ठेवली आहे. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. उठून गेलेल्या गावाची राखमिश्रित माती पांढुरकी होते, आणि 'पांढर' हे नाव शेताला चिकटून राहते. ती माती खत म्हणून शेतात व घराच्या भिंतींसाठी नेण्याचा प्रघात जुना असल्याने, कोणत्या बाजूचे टेकाड किती खचले आणि खापऱ्या कोठून निघाल्या, हे कसणाऱ्याला ठाऊक असते. परवानगी मागायला जाणारा संशोधक ही माहिती न विचारता केवळ सही घेऊन परतला, तर त्याने अर्धे संशोधन ओट्यावरच सोडले म्हणायचे.

ही सही मिळणेही सोपे नाही. सात-बाऱ्यावर चार भावांची नावे असतात, कसणारा पाचवाच असतो. गायरान असेल तर गोष्टच निराळी. त्यात यंत्र पाहिले की गावाला गुप्तधन आठवते. या नादाने चालणारे अघोरी प्रकार इतके खरे आहेत की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्यांचा उल्लेख करावा लागला. शेतकऱ्याचा संशय अडाणीपणाचा नव्हे.

मालकाची संमती पुरेशी असते, हाही भ्रमच. १९५८ च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रात खुद्द मालकालाही परवान्यावाचून खोदता येत नाही. अन्यत्र १८७८ चा निखात निधी अधिनियम लागतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. निधी बेवारस ठरला आणि पूर्वकरार नसला, तर सापडवणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जागेच्या मालकास एक-चतुर्थांश मिळतो. माझा आक्षेप येथे आहे. हा कायदा वस्तूची वाटणी करतो, जागेची नोंद मागतो ती केवळ निधीचे ठिकाण म्हणून. एक-चतुर्थांशाचा धनी झालेला मालक गप्प राहण्यातच हित मानील, तर नवल काय! इंग्लंडात १९९६ च्या निधी कायद्याखाली बक्षिसाची रक्कम सामान्यतः दोघांत निम्मी वाटली जाते, आणि १९९७ पासून निधीत न मोडणाऱ्या सुट्या वस्तूंचीही स्थळासह ऐच्छिक नोंद होते. तेथील छंद येथे आणावा असे मी म्हणत नाही, कारण आपल्याकडे तशी नोंद घेणारा माणूस तालुक्याला नाही. पण आपल्या विद्यार्थ्यांच्या संमतिपत्रात गट क्रमांक, सर्व हिस्सेदारांची नावे, शेताचे बोलीतील नाव, पूर्वी काय निघाले याचे मालकाचे कथन आणि सापडलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे याचा करार एवढे तरी असावे. आणि पत्राची एक प्रत मालकाच्या घरी राहावी.