तराजूचा पासंग त्याच तराजूने कसा सापडेल?

मंडळी, मेंदूतलं डोपामिन मोजायचं कसं, हे आपण मागे पाहिलं. आजचा प्रश्न जरा अडचणीचा आहे: मोजताना आपण त्या चेतापेशींनाच ढवळतो का?

पद्धत थोडक्यात आठवूया. साधारण 7 मायक्रॉन जाडीचा कार्बनचा तंतू मेंदूत उतरवतात. त्यावरचा विद्युतदाब उणे 0.4 व्होल्टपासून अधिक 1.3 व्होल्टपर्यंत नेऊन परत आणतात. हा फेरा सुमारे साडेआठ मिलिसेकंदांचा, सेकंदाला दहा वेळा. डोपामिनचा रेणू तंतूला दोन इलेक्ट्रॉन देतो. त्या प्रवाहावरून प्रमाण काढलं जातं.

पाठीराखे म्हणतात, तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक, पेशींना पत्ताही लागत नाही. हे निम्मंच खरं. मायक्रोडायलिसिसची नळी 200 मायक्रॉनच्या वर जाते, तिच्याभोवतीची ऊती दुखावते. त्या मानाने तंतू खूपच सौम्य आहे, हे आपण मान्यच करू. पण ‘दुखापत कमी’ म्हणजे ‘ढवळाढवळ शून्य’ नव्हे. तंतू नुसता टोचलेला नसतो, त्यातून सतत दाबाचे फेरे चालू असतात.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. दर फेऱ्यात मोठा पार्श्वप्रवाह येतो आणि तो वजा केला जातो. हाती उरतो तो फक्त बदल. म्हणजे फेऱ्यांमुळे पेशींची चाल पहिल्या मिनिटापासून एकसारखी बदलली असेल, तर तो परिणाम वजाबाकीतच निघून जातो. तराजूला पासंग असला, तर त्याच तराजूने तो कळत नाही.

मग उपाय? त्याच तंतूने दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पेशींचे विद्युत-ठोके ऐकता येतात, तसं केलंही जातं. मात्र प्रत्यक्ष फेऱ्यात कान बंद असतात. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे: फेरे सुरू करण्याआधी ठोके ऐका, चालू असताना ऐका, थांबवल्यावर पुन्हा ऐका. तिन्ही आकडे शेजारी ठेवा.

हा काथ्याकूट नाही. 2016 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर, शस्त्रक्रियेदरम्यान, याच जातीच्या पद्धतीने घेतलेली मोजमापं प्रसिद्ध झाली. रुग्ण जागे होते आणि पैजेचा खेळ खेळत होते. त्यांच्या निर्णयांचा अर्थ आपण त्या आलेखांवरून लावणार असू, तर आलेखातला किती भाग रुग्णाचा आणि किती आपल्या तंतूचा, हे विचारायलाच हवं.

पद्धत टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. तिने स्वतःची साक्ष स्वतःच देऊ नये, एवढंच.