ऑनलाइन धडा ऐकतो का?

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांत शिकणाऱ्यांच्या तीन तऱ्हा दिसतात. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी शिकणारी मुले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रिॲक्टरपाशी उभा राहणारा नवखा ऑपरेटर. आणि डोंगरालगतच्या कातकरी वाडीतले मूल, जे दिवाळी सरली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. ऑनलाइन शिक्षणावर जगभर चाळीसेक वर्षे संशोधन चालू आहे. ते या तिघांपर्यंत किती पोहोचते, आणि पोहोचत नसेल तर उणीव कुठे आहे, हे पाहायला हवे. माझ्या मते या साऱ्या अभ्यासातून एक कसोटी हाती लागते. शिकणाऱ्याने दिलेल्या उत्तराने धड्याची पुढची पायरी बदलते का? जिथे ती बदलते तिथे शिकणे घडते. जिथे बदलत नाही तिथे मजकूर नुसता साठतो.

या क्षेत्रातला पहिला मोठा वाद इंटरनेट घरोघरी येण्याआधीचा. अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले की माध्यम हा केवळ माल पोहोचवणारा ट्रक आहे. मुलाचे पोषण ट्रकने होत नाही, आतल्या धान्याने होते. रॉबर्ट कोझमा यांनी १९९४ मध्ये त्यांना उत्तर दिले. माध्यमाच्या अंगच्या क्षमता वापरून पाठ रचला, तर माध्यम आणि पद्धत वेगळी काढताच येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. वादाचा निकाल लागला नाही, पण त्याने संशोधकांना शिस्त लावली. २०१० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांचा मेळ घालणारी पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस ठरली. मात्र त्या विद्यार्थ्यांना बहुधा वेळही अधिक मिळाला होता आणि साहित्यही वेगळे होते, ही खबरदारी त्याच आढाव्यात आहे. आपल्याकडे जाहिरातींत पहिले वाक्य येते, दुसरे गळते.

भारतातला पुरावा याहून बोलका आहे. ‘प्रथम’ संस्थेने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणितातली वाढ लक्षणीय होती. वर्षभरानंतर तिचा बराच भाग ओसरला होता. गुजरातच्याच ‘ज्ञानशाला’ शाळांत लिंडन यांना आणखी मोलाची गोष्ट सापडली. संगणकाने शिक्षिकेचा तास घेतला तेव्हा मुले मागे पडली. शाळेनंतर जोड म्हणून तोच कार्यक्रम दिला तेव्हा, विशेषतः कच्ची मुले, पुढे गेली. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवरच्या अभ्यासात (२०१९) साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाणित विचलन इतकी वाढ आढळली. तिथे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता विचारत नव्हते. मूल खरोखर कुठे अडले आहे ते त्याच्या उत्तरांतून ताडत होते, आणि जोडीला लहान गटाला शिकवणारा माणूसही होता.

पाठाची रचना कशी असावी, याचे उत्तरही बऱ्यापैकी ठाऊक आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला आकलनावरच्या भाराचा सिद्धांत आणि रिचर्ड मेयर यांचे प्रयोग एकच दिशा दाखवतात. पाठ तुकड्यांत द्यावा, अनावश्यक सजावट गाळावी, चित्राबरोबर आवाज द्यावा आणि तेच शब्द पुन्हा पडद्यावर ओतू नयेत. मराठीतले असंख्य शैक्षणिक व्हिडिओ नेमके उलट वागतात. स्लाइडवरचा परिच्छेद शिक्षक जसाच्या तसा वाचतात आणि मागे संगीत वाजत राहते. या चुकीचे खापर एकट्या शिक्षकावर फोडणे अन्यायाचे आहे. त्याला पाठ रचायला कुणी शिकवलेच नाही. हाती फोन दिला आणि संख्येचे उद्दिष्ट दिले.

उत्तम रचनेचे नमुने महाराष्ट्रातच आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प त्यांतला एक. पाठ साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर तो पाहायचा, उरलेल्या अर्ध्यावर लगेच तसे करून बघायचे. आधी संहिता लिहायची, ती नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची, मगच ध्वनिमुद्रण. निवेदन मराठीत, पण पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत, म्हणजे नोकरीत जे समोर येईल तेच. त्याच संस्थेत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याचा आराखडा विकसित केला. त्यात व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, विचार करायला लावतो आणि मगच पुढे सरकतो. मला हा छोटा थांबा फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकण्याची जागा त्याने धड्यातच राखून ठेवली आहे.

संस्थात्मक पातळीवर राम ताकवले यांचे काम विसरता येणार नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, उभे राहिले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. त्याचे खरे बळ गावातल्या केंद्रात होते. यंत्रासमोर बसलेल्या माणसाच्या पाठीशी अडेल तिथे सांगणारा कुणीतरी होता. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक झाल्यावर अनेकांचे लक्ष शिकण्यावरून कागदाकडे वळले, हेही खरे. इतक्या मोठ्या प्रयोगातून लोक काय शिकले आणि पाच वर्षांनी त्यातले काय उरले, यावर तितक्याच तोलामोलाचे स्वतंत्र संशोधन व्हायला हवे होते.

शालेय शिक्षणात चित्र अधिक विस्कळीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ही कल्पना राज्यभर गेली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. २०१७ मध्ये केंद्राचा ‘दीक्षा’ मंच आला आणि बालभारतीच्या पुस्तकांतले कोड त्याच्याशी जोडले गेले. पण कोड मुलाला व्हिडिओपर्यंत नेऊन सोडतो. त्यापुढे मुलाने काय केले, ते शिक्षकाच्या हाती क्वचितच परत येते. उलट २०१५ च्या ‘सरल’ प्रणालीपासून शिक्षकाचा ऑनलाइन वेळ माहिती भरण्यात जातो. आपल्या शाळांत इंटरनेट आधी हिशेबनीस म्हणून रुजले, शिक्षक म्हणून नंतर.

२०२० ने ही तफावत उघडी केली. मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. नवे शैक्षणिक वर्ष त्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपवर सुरू होणार होते. नेमक्या याच काळात बोट्सवानात संशोधक अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एका गटाला आठवड्याला गणिताचा एसएमएस. दुसऱ्याला एसएमएस आणि वर पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसचा ठळक परिणाम दिसला नाही. फोनची जोड मिळताच मुलांची प्रगती झाली. पुढे भारतासह पाच देशांत हा प्रयोग झाला. साधा फोन, रोजची भाषा आणि पलीकडे ऐकणारा माणूस: स्मार्टफोन नसलेल्या वाडीसाठी याहून नेमका धडा नाही.

आता त्या तिघांकडे येऊ. कातकरी मुलापासून सुरुवात करू, कारण त्याच्यासाठी संशोधन सर्वांत तुटपुंजे आहे. कातकरी समाज केंद्राच्या अतिअसुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहे. त्याची घरची बोली पाठ्यपुस्तकी मराठीहून वेगळी, म्हणजे पहिलीच्या वर्गातच मूल दुसऱ्या भाषेत बसते. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, पण हातच्याची वजाबाकी कुठवर आली हे भट्टीजवळच्या शाळेला कार्ड सांगत नाही. इथे ऑनलाइन साधनाचे खरे काम आहे. मुलाच्या शिकण्याची छोटी नोंद त्याच्याबरोबर फिरावी, त्याच्या बोलीतल्या गोष्टी फोनमध्ये इंटरनेटविना ऐकता याव्यात, आणि वाडीच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा भट्टीवर फोन करावा. यातले काहीही महाग नाही. फोन करण्याचा वेळ मात्र शिक्षकाच्या कामात अधिकृतपणे धरावा लागेल.

धाटावचा प्रश्न जिवाचा आहे. रोहा तालुक्यातल्याच नागोठण्यात नोव्हेंबर १९९० मध्ये पेट्रोरसायन प्रकल्पात वायुगळती होऊन भीषण स्फोट झाला, तीसहून अधिक बळी गेले. आज अनेक कारखान्यांत नव्या कंत्राटी कामगाराला सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, चार प्रश्नांवर खुणा करून घेतात आणि आत सोडतात. बर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कामगारांच्या सुरक्षा-प्रशिक्षणावरच्या ९५ अभ्यासांचा आढावा घेतला. व्याख्यान, पुस्तिका आणि व्हिडिओ यांपेक्षा प्रत्यक्ष सराव आणि संवाद असलेले प्रशिक्षण कितीतरी परिणामकारक, हा त्याचा निष्कर्ष. त्यामुळे गळतीच्या वेळी कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे पडद्यावर चुकत चुकत शिकावे, मग पर्यवेक्षकासमोर हाताने करून दाखवावे. आयटीआयच्या एओसीपी (रासायनिक प्रकल्प ऑपरेटर) ट्रेडचे विद्यार्थी आणि जुने ऑपरेटर यांनी मिळून असे पाठ मराठी-हिंदीत रचले, तर ते रोह्याबाहेरही उपयोगी पडतील.

पेणच्या कारखान्यांत उलटी परिस्थिती आहे: तिथे ऐकणारा गुरू आहे, नोंद नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीविरुद्ध सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, न्यायालयीन वाद झाले आणि शाडूच्या कामाचे महत्त्व पुन्हा वाढले. माती किती मळायची, जाड भागाला तडा का जातो, हे बोटांना कळते. व्हिडिओ ते बोटांत घालू शकत नाही. पण तडा गेलेल्या मूर्तीचा फोटो पाठवून जुन्या कारागिराकडून आवाजात उत्तर घेणे, आणि अशी शेकडो प्रश्नोत्तरे जपून ठेवणे, हे सहज शक्य आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी काम आणि ज्ञान यांची फारकत आयुष्यभर नाकारली. त्यांच्या तालुक्यात हातकामाची अशी पाठशाळा उभी राहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून संशोधकांकडे आणि शासनाकडे मागणे थेट आहे. किती व्हिडिओ झाले, किती जणांनी पाहिले, हे मोजणे पुरे. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. त्याने कारखाने, शाळा आणि वाड्या यांना घेऊन वर्षभर चालणारे, तुलनात्मक अभ्यास करावेत. मूल भट्टीवरून परतल्यावर, कामगार सहा महिने काम करून झाल्यावर, कारागिराचा एक हंगाम सरल्यावर काय उरले ते तपासावे, आणि निष्कर्ष मराठीत, त्या शिक्षकांच्या आणि कामगारांच्या हाती द्यावेत. नवा मंच, नवे ॲप, आता नवी कृत्रिम बुद्धिमत्ता विकत घेण्याआधी प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारला जावा: शिकणाऱ्याचे उत्तर कुणाकडे पोहोचते, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी काय बदलते? याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्या योजनेवर शिक्षणाचा पैसा खर्च होऊ नये.